वेगळा स्वयंपाक नाही, फक्त मीठ सगळ्यात शेवटी: माझा अनुभव

आमच्याकडे स्वयंपाक बहुतेक वेळा मीच करतो, त्यामुळे लेक सहा महिन्यांची झाली आणि वरचं खाणं सुरू करायची वेळ आली तेव्हा हिच्यासाठी रोज वेगळं भांडं चढवायचं का हा प्रश्न पण माझ्याच गळ्यात आला. ऑफिस सांभाळून ते जमणार नाही हे दिसतच होतं. डॉक्टर म्हणाले वेगळं काही लागत नाही, घरात जे शिजतं तेच मऊ करून द्या, फक्त वर्षाची होईपर्यंत वरून मीठ-साखर घालू नका आणि मध तर अजिबातच नको. साखर आणि मधाचं सोपं होतं, घालायचंच नाही, संपला विषय. पण मीठ? ते तर सगळ्यातच पडतं.

मग जरा वाचलं. ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सांगते की एक वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसाला 1 ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, कारण या वयात किडन्या अजून तयार होत असतात आणि जास्तीचं मीठ त्यांना झेपत नाही. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 5 ग्रॅमच्या आतली. बरं, 1 ग्रॅम म्हणजे किती हे कुणालाच डोळ्यासमोर येत नाही, म्हणून मी एक सपाट चहाचा चमचा मीठ किचनच्या काट्यावर ठेवलं, 6 ग्रॅमच्या आसपास भरलं, ते ताटलीत ओतून सुरीने सहा ढीग केले आणि पाच बाजूला सारले. जो एक ढीग उरला तो बोटाच्या टोकावर मावेल एवढा होता. आणि तोही आपल्या हाताने घालायचा नाहीये हां, दुधात, भाज्यांत, अंड्यात जे मुळातच असतं ते धरून हा दिवसाचा हिशोब. बायकोने ताटलीकडे बघितलं आणि म्हणाली, म्हणजे हिच्या वाट्याला मीठ नाहीच असं समज.

तर मी केलं एवढंच, की मीठ घालायची वेळ बदलली. डाळ असो, भाजी असो, सूप असो, सगळं बिनमिठाचं शिजवायचं, तिच्या वाटीपुरतं काढून घ्यायचं आणि मग उरलेल्यात आपलं मीठ. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हाताला सवय इतकी असते की कांदा परतताना हात आपोआप मिठाच्या डब्याकडे जातो, म्हणून मी डबाच ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला. दुसरी अडचण अशी की शेवटी घातलेलं मीठ मोठ्यांना वरवरचं लागतं, बटाट्याच्या फोडी आतून आळणीच राहतात, त्यावर उपाय म्हणजे तिचं काढून झाल्यावर मीठ घालून, थोडं पाणी शिंपडून, झाकण ठेवून पाचेक मिनिटं मंद गॅसवर ठेवायचं, मग मुरतं. पास्ता, भात हे बिनमिठाच्याच पाण्यात, मीठ सगळं सॉसमध्ये किंवा सोबतच्या भाजीत. मासे किंवा चिकन मुरवायचं असेल तर तिचा तुकडा आधीच वेगळा काढून नुसतं लसूण आणि लिंबू लावायचं. मसाल्यांना ना नाही बरं का, तिखट सोडलं तर जिरं, मिरी, आलं, कोथिंबीर सगळं चालतं, आणि आंबट थोडं पुढे केलं की मीठ कमी आहे हे आपल्यालाही कमी जाणवतं.

आता आई. ती रोज वाटीत बोट बुडवून चव घ्यायची आणि म्हणायची, "अरे, असलं आळणी कसं खाईल ते लेकरू, तोंड बघ कसं करतंय!" तोंड ती करायचीच, पण ती केळ्यालाही करायची, गाजरालाही करायची. नवीन चवीला बाळं अशीच करतात, एखादा पदार्थ आठ-दहा वेळा पुढे यावा लागतो तेव्हा कुठे ओळखीचा होतो. मिठाची ओढ माणसाला जन्मतः नसते, चौथ्या महिन्यानंतर हळूहळू येते आणि पुढे किती वाढते ते बरंचसं सवयीवर असतं. हे आईला समजावून काही उपयोग झाला नाही, शेवटी "आई गं, डॉक्टरांनी सांगितलंय" एवढ्यावरच भागलं.

पण मला खरा धक्का बसला तो पाव आणि चीजने. आपल्याला वाटतं भाजीत मीठ असतं, पाव काय, साधा. एका स्लाइसमध्ये साधारण 0.4 ग्रॅम मीठ असतं, आणि चेडरसारख्या चीजचा 20 ग्रॅमचा तुकडा धरला तर त्यात 0.35 च्या आसपास. म्हणजे एक स्लाइस आणि चीजचा तुकडा, दिवसाचा पाऊण कोटा एका खाऊतच गेला. आता आमच्या मिठाच्या भाजीचा हिशोब लावा, किलोभर भाजीत एक चमचा मीठ पडलं तर तिच्या 50 ग्रॅममध्ये 0.3 ग्रॅम येतं. तेही रोज नकोच, पण पाहुण्यांकडे कुणी प्रेमाने चार घास भरवले तर मी आता हातपाय गाळत नाही. सूपचे क्यूब, सोया सॉस, केचप, चिप्स, हॅम-सॉसेज हे मात्र तिच्या वाटीत बंद म्हणजे बंद. डब्यातल्या डाळी-बीन्स वापरायच्या तर बिनमिठाच्या बघून, नाहीतर पाणी ओतून धुऊन.

लेबल वाचायची एक युक्ती सांगतो. बऱ्याच पाकिटांवर मीठ लिहिलेलंच नसतं, सोडियम लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये, म्हणजे आकडा बघून काही कळूच नये. त्याला अडीचने गुणायचं, 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ. 100 ग्रॅममागे 0.3 ग्रॅमपर्यंत मीठ असेल तर कमी, दीडच्या वर गेलं की जास्त. बाळांचा फोटो असलेलं पाकीटही उलटून बघायचं, मी तर तेच आधी उलटतो. खाण्याचा सोडा घातलेल्या पदार्थातही सोडियम येतंच, आणि सैंधव किंवा समुद्री मीठ म्हणजे बाळाला चालतं ही समजूत काढून टाका, तेही सोडियम क्लोराइडच.

आयोडीनची शंका बायकोने काढली, मीठ नाही तर ते कुठून येणार म्हणून. तर बाळाला ते दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळतं. तुमच्याकडे यातलं फारसं काही खात नसतील, तर डॉक्टरांना एकदा विचारूनच घ्या.

वर्ष झालं की मर्यादा दिवसाला 2 ग्रॅम होते, ती तीन वर्षांपर्यंत. त्यामुळे आता जरा सैल सोडलंय, पण क्रम तोच, तिची वाटी आधी, मीठ नंतर. हल्ली तिला चीजचं वेड लागलंय, डबा दिसला की हात पसरते, म्हणून ज्या दिवशी चीज दिलं त्या दिवशी पाव नाही आणि संध्याकाळचं जेवण पूर्ण बिनमिठाचं, एवढंच गणित ठेवलंय.