बेचाळीस दिवस आणि अडीचशे रुपये

दोन-अडीच महिन्यांपूर्वी माहेरी गेले होते, वहिनीचं बाळंतपण म्हणून. पहिलं बाळंतपण खरं तिच्या माहेरी व्हायचं, पण तिची आई नाहीये, मग आमच्याकडेच. आईने सगळं साग्रसंगीत चालवलेलं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, आणि वरून कोणी काही बोलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला आशाताई, म्हणजे गावच्या आशा सेविका, दारात हजर. आल्या आल्या हात धुतले, मग घड्याळ लावून बाळाचा श्वास मोजला, ताप बघितला, नाळ बघितली, झोळीत घालून वजन केलं. काटा अंगणवाडीतून मागून आणला होता, तिचा स्वतःचा बिघडलाय म्हणे. वहिनीला खालच्या आवाजात, "अंगावरून जास्त जातंय का गं, लपवू नको." मग आईकडे वळून, "काकू, मध-बिध चाटवला नाही ना?" आई एकदम गप्प. (चाटवला होता.)

चहा घेताना मी सहज विचारलं, याचे किती मिळतात? हसली. दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस अशा सहा भेटी आणि सहाचे मिळून २५० रुपये. म्हणजे एका भेटीचे ४१-४२ रुपये, आमचं घर तरी रस्त्याला आहे, वस्तीवरच्या घरी जायचं तर दोन किलोमीटर चढ. दर महिन्याचा ठरलेला मोबदला वेगळा असतो, पण हे काम या अडीचशेवर. आणि ते तरी कधी, तर बाळाचं वजन नोंदलेलं हवं, जन्मनोंदणी हवी, सुरुवातीच्या लसी झालेल्या हव्यात आणि बेचाळिसाव्या दिवशी आई-बाळ दोघं सुखरूप हवीत. ही शेवटची अट ऐकून मला कसंतरीच झालं. म्हणजे अशक्त बाळासाठी जी बाई सहाच्या जागी दहा वेळा आली, आणि बाळ नाही वाचलं, तर तिला काय?

यात मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू का, की हे घरी जाऊन बघणं किती कामाचं आहे हे आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, श्वास कसा मोजायचा, बाळ उबदार कसं ठेवायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. तिसऱ्या वर्षापर्यंत, शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं त्यांच्या तुलनेत, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते. त्याच कामाच्या धर्तीवर २०११ मध्ये देशभर आशांकडे ह्या भेटी दिल्या, आणि किंमत लावली अडीचशे. इमारतीला पैसा निघतो हो, उद्घाटनाला फीत कापता येते, आशाताईच्या चपलेला कोण फीत कापणार!

बरं आता वहिनीच्या पैशांचं ऐका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मिळाले पाहिजेत, सरकारी नोकरी वगैरेवाल्या सोडून सगळ्यांना. मग २०१७ ला मातृवंदना योजना आली आणि त्यात झाले ५,०००, तेही फक्त पहिल्या बाळाला. २०२२ पासून दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००, मुलगा झाला तर काहीच नाही. जणू मुलगा झाला की बाळंतिणीला भूक लागत नाही. आणि गंमत म्हणजे त्याच २०१७ साली ऑफिसात नोकरी करणाऱ्या बायकांची भरपगारी रजा २६ आठवडे झाली, मी स्वतः घेतली, त्यामुळे तक्रार नाही, पण वहिनी आठव्या महिन्यापर्यंत कांदा लावायला जात होती.

तिचा ३,००० चा पहिला हप्ता गरोदरपणातच यायला हवा होता. नाही आला. का, तर आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. दादा दोनदा ऑफिसात जाऊन आला, दोन्ही दिवसांची मजुरी गेली, एकदा साहेब नाहीत आणि एकदा सर्व्हर नाही. लग्न झालेल्या अर्ध्या बायकांचं नाव असंच दोन ठिकाणी दोन असणार हे फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसेल का?

अंगणवाडीच्या खाऊचं पण तसंच. २०१७ मध्ये ठरलेला दर आईसाठी दिवसाला साडेनऊ रुपये, बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याला आठ, तीव्र कुपोषित असेल तर बारा, निम्मे केंद्राचे निम्मे राज्याचे. साडेनऊमध्ये एक अंडं आणि वर चिल्लर. आमच्याकडे जी पाकिटं आली ती वहिनीने दोनदा शिजवून खाल्ली, बाकी शेळीला, खोटं कशाला बोलू.

गावच्या आरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत निधी असतो, म्हणजे अशाच बारीकसारीक गोष्टींसाठी. मी दादाला म्हटलं त्यातून आशाताईला काटा घेऊन द्या ना, तू ग्रामसभेत विषय काढ. दादा म्हणाला बघू. त्याचं बघू म्हणजे काय ते मला माहितीये, म्हणून सरपंचबाईंना मीच फोन केला, त्यांना समितीच्या खात्यात किती आहेत तेच माहीत नव्हतं, पण पासबुक भरून आणते म्हणाल्या.

बेचाळिसाव्या दिवशी मी पुण्यात, व्हिडिओ कॉलवर. वजन चार किलो शंभर. काटा अजून अंगणवाडीचाच होता.