फळ्याकडे तोंड करून बोलू नका

आज एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या वर्गावर होते. मी विशेष शिक्षिका, शाळाशाळांतून फिरती. श्रवणदोष हा विषय घेऊन बी.एड. केलं आणि सुरुवात मूकबधिर निवासी शाळेत झाली. तिथली पोरं चुणचुणीत, पण सुट्टीत गावी गेली की शेजारच्या मुलांत मिसळायला बिचकायची. तेव्हापासून माझं मत पक्कं: जमेल तिथे गावातल्या मुलाने गावातल्याच शाळेत शिकावं. खुणांची भाषा हवी असेल तर तीही तिथेच यावी.

आजची मुलगी श्रवणयंत्र लावते. बाईंना एवढंच सांगितलं, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि खिडकी पाठीमागे ठेवून उभ्या राहू नका, ओठ दिसत नाहीत. गणिताच्या तासाला शेजारणीने तिला कोपराने ढोसून पान दाखवलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बरं का!

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. चांगलंच आहे. पण यंत्राचा सेल संपला की पोरगी नवा येईपर्यंत नुसती बसून राहते, त्याचं काय? उद्या तालुक्याला जाऊन आधी सेल आणते.