म्हसरूळच्या झेरॉक्स दुकानापासून जर्मनच्या बॅचपर्यंत : आमची वाटचाल

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय आले आमच्या म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. राज्यातल्या बहुतेक कॉलेजांची बी.एस्सी. नर्सिंगची पदवी याच विद्यापीठाची. परदेशात अर्ज करायचा म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाने दिलेला सगळ्या वर्षांच्या अभ्यासाचा आणि गुणांचा दाखला हवा, त्यामुळे लातूर, नांदेड, सांगलीकडची मुले रात्रीच्या एसटीने नाशिकला उतरायची आणि सकाळी शटर वर करायच्या आधी आमच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर हजर असायची. नर्सिंग केलेल्या मुलग्यांना परदेशातल्या नोकरीसाठी तयार करण्याचा आमचा आजचा व्यवसाय या मुलांनी उभा केला, हे मी पहिल्यांदा नमूद करतो.

तेव्हा मी फक्त झेरॉक्स, लॅमिनेशन आणि फॉर्म भरून देणे एवढेच करत होतो. माझी पत्नी एका खासगी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर होती. ती संध्याकाळी दुकानात येऊन बसली की मुले तिच्याभोवती गोळा व्हायची. मुलींच्या ओळखीची एखादी सीनियर सिस्टर दुबईत किंवा लंडनमध्ये असायची आणि तिच्याकडून त्यांना सगळी माहिती मिळायची. नर्सिंग करणाऱ्या मुलग्यांना असे कोणी नव्हते. वॉर्डात सगळे 'ब्रदर' म्हणून हाक मारतात, पण पुढचा रस्ता दाखवणारा मोठा भाऊ त्यांना भेटत नाही, हे पत्नीच्या लक्षात आले. पुढे तिने कॉलेज सोडले आणि आम्ही दोघांनी मिळून केंद्र सुरू केले.

या मुलांची अडचण बाहेरून दिसते त्यापेक्षा मोठी आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत २०१९ पासून ८० टक्के जागा महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी असे प्रमाण आहे. खासगी रुग्णालयात नोकरी मिळते, पण तिथल्या पगारात शहरात खोली घेऊन घरी पैसे पाठवणे जमत नाही. त्यात लग्नाच्या बोलणीत 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला 'नर्स आहे' असे उत्तर दिले की समोरची माणसे गप्प होतात. बाहेर चित्र वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात ५८ लाख नर्सेस कमी होत्या. सौदीत पुरुषांच्या वॉर्डांना पुरुष नर्स लागतात. वाळवंटातल्या तेलाच्या साइटवरचे क्लिनिक, ॲम्ब्युलन्स, डायलिसिस, आयसीयू, मानसोपचार विभाग, सगळीकडे आमच्या मुलांना जागा आहे. जर्मनीत तर नर्स पुरुष आहे याचे कोणाला नवल वाटत नाही.

सुरुवातीला आम्ही आखाती देशांच्या प्रोमेट्रिक परीक्षेची, म्हणजे तिथला नर्सचा परवाना मिळवण्याच्या परीक्षेची तयारी आणि डेटाफ्लोची कागदपत्रे एवढेच करायचो. डेटाफ्लो म्हणजे तुमची पदवी, नोंदणी आणि अनुभव खरा आहे का, हे मुळापासून तपासणे. खरी गोम अनुभवात असते. छोट्या नर्सिंग होममध्ये मुलगा दोन वर्षे राबलेला असतो, पण नेमणुकीचे पत्र नाही, पगार रोख, हजेरी डॉक्टरांच्या वहीत. पडताळणीचा मेल येतो तेव्हा त्याला उत्तर द्यायला कोणी नसते आणि ती दोन वर्षे वाया जातात. म्हणून पहिल्या वर्षाला असलेल्या मुलालाही आम्ही आजच सांगतो : पगार बँकेतच घे, नेमणुकीचे पत्र माग, रुजू झाल्याची तारीख लिहून घे.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' जास्त. पासपोर्टवर वडिलांचे नाव मुलाच्या नावाला जोडलेले. आपल्याला यात काहीच वावगे वाटत नाही, परदेशातल्या कारकुनाला मात्र ती तीन वेगवेगळी माणसे वाटतात. पत्नी टेबलावर सगळे कागद एका ओळीत मांडते, ओळीखाली फूटपट्टी धरून एकेक अक्षर मोठ्याने वाचते आणि फरक दिसला की पेन्सिलने गोल करते. त्या गोलांवरून आधी काय दुरुस्त करायचे ते ठरते. हे काम कंटाळवाणे आहे, पण अर्ज अडकतात ते इथेच.

आमच्या केंद्राचा एक नियम आहे आणि तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला आहे : नोकरी लावून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. तो नियम कळवण तालुक्यातल्या एका मुलामुळे झाला. वडिलांनी कांद्याचे सगळे पैसे एका एजंटाच्या हातात ठेवले होते. मुलाला मिळाला व्हिजिट व्हिसा, नोकरीचा पत्ता नाही, आणि एजंटाचा फोन बंद. तो परत आल्यावर त्याचे वडील आमच्याकडे येऊन बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून दारात येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी कायदा समजावून सांगतो. परवानाधारक भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येते ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येते. आखाती देशांत जाणाऱ्या नर्सना २०१५ पासून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी घ्यावी लागते, पासपोर्ट ईसीएनआर (एरवी ही परवानगी न लागणारा) असला तरी. लाखांचा आकडा ऐकला की तिथून उठून या. आमच्याकडे भरतीचा परवाना नाही, त्यामुळे आम्ही शिकवतो आणि कागद तयार करून देतो. पालक विचारतात, मग नोकरी कोण देणार? भाषा आणि कागद पक्के असले की मुलगा मालकाशी स्वतः बोलू शकतो. आमची मुले तशीच गेली आहेत.

कोरोनानंतर जर्मन सुरू केले आणि आता तोच आमचा मुख्य कोर्स आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून सुरगाणा-पेठपासून नंदुरबारपर्यंतचे फोन वाढले. जर्मनीत आपल्या पदवीला मान्यता घ्यावी लागते, तिला तिथे 'आनएर्केनुंग' म्हणतात. जर्मन भाषेच्या पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. साधारणपणे बी१ झाल्यावर मुलगा जातो, तिथे बी२ पूर्ण करतो आणि अनुकूलन अभ्यासक्रम किंवा ज्ञानचाचणी पार केली की पूर्ण नर्स होतो. तोवर पद आणि पगार कमी असतो, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. हातात येणारा पगार कर आणि विमा कापून येतो, हेही सांगतो.

मराठी मुलांना जर्मन जमते. तो, ती, ते अशी तीन लिंगे घरातच शिकलेली असतात, त्यामुळे जर्मनमधल्या तीन लिंगांच्या देर, दी, दासची धास्ती नसते. खरी तयारी वेगळीच करावी लागते. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणे, स्पंजिंग, भरवणे हे नातेवाईक करतात, नाहीतर वॉर्डातले मदतनीस मामा-मावशी. जर्मनीत ते नर्सचे काम आहे आणि नातेवाईक रात्री रुग्णाजवळ थांबत नाहीत. हे न सांगता गेलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात खचतो. म्हणून आमच्या वर्गात एक खाट आणि पुतळा आहे. एक मुलगा ऐंशी वर्षांचे आजोबा होतो, दुसरा जर्मनमध्ये विचारतो : पाणी फार गरम तर नाही ना, उजवा हात आधी धुऊ का? शेवटी ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला रुग्णाची माहिती देतात तसे हँडओव्हर जर्मनमध्येच, वही न बघता. सुरुवातीला मुले लाजतात. महिनाभरात त्याच मुलांचा आवाज वर्गाबाहेर ऐकू येतो.

ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिथे आम्ही सर्वसाधारण आयईएलटीएसपेक्षा आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी असलेल्या ओईटीचा सल्ला देतो, कारण त्यात डिस्चार्ज किंवा रेफरलचे पत्र लिहायचे असते आणि बोलायचे असते रुग्णाशी, म्हणजे मुलाला येणारेच काम. पण २०२४ पासून तिथली भरती मंदावली आहे, आणि २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करसाठी, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या मदतनिसांसाठी, परदेशातून नवी भरती बंद झाली आहे. त्या नावाने कोणी आजही पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे. अमेरिकेची एनसीएलईएक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा हुशार मुलगा पास होतो, पण भारतीयांची ग्रीनकार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. शिवाय तिथे प्रसूती विभागातल्या प्रात्यक्षिकांचे तासही विचारले जातात, आणि आपल्याकडे अनेक ठिकाणी लेबर रूममध्ये मुलांना उभे करत नाहीत. मुलांनो, शिकत असतानाच ते तास मागून घ्या आणि लॉगबुकवर सही घ्या. कॉलेजने टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या. हा तुमचा हक्क आहे.

आज दोन खोल्या आहेत, झेरॉक्स मशीन अजून चालू आहे, आणि जर्मनीत पोहोचलेली आमची मुले रविवारी व्हिडिओ कॉलवर खालच्या बॅचचे हँडओव्हर तपासतात. फी हप्त्याने घेतो, द्राक्ष-कांद्याचे पैसे हातात येईपर्यंत थांबतो. गावाकडच्या मुलांसाठी पंचवटीत राहण्याची सोय करायची आहे, जागा पाहणे सुरू आहे. नवीन ए१ ची बॅच भरते आहे. येताना दहावीची मार्कशीट, कौन्सिलचे रजिस्ट्रेशन आणि पासपोर्ट असेल तर तो घेऊन या. पहिल्या दिवशी पैसे आणू नका, त्या दिवशी आम्ही फक्त कागद वाचतो.