शॉकअपचे दोन खाचे

मांजरसुंब्याच्या घाटात अण्णांना मागं बसवलं की वळणावर गाडी बाहेर फेकल्यासारखी जायची. मेकॅनिक म्हणाला, शॉकअप बदला. खर्च ऐकून गप बसलो.

आज सकाळी अंगणात गाडी डबल स्टँडवर घेतली. मागचं चाक अधांतरी. आईच्या शिलाई मशीनचा टेप घेऊन अ‍ॅक्सलपासून वर सीटखाली खडूनं केलेल्या खुणेपर्यंत मोजलं : ५१ सेंटीमीटर. मग आम्ही दोघं बसलो, भाच्यानं मोजलं : ४६. म्हणजे खड्डा यायच्या आधीच शॉकअप दबून गाडी ५ सेंटीमीटर खाली बसलेली! मागचा भाग बसला की पुढचं चाक हलकं पडतं, हँडल जड वळतं. रात्री समोरचे डिपर का मारायचे, तेही आज कळलं, हेडलाइट आभाळाकडं.

टूलकिटमधला चंद्रकोरी पाना पहिल्यांदाच बाहेर निघाला. शॉकअपच्या स्प्रिंगला टेकलेलं खाच्यांचं कडं असतं, ते या पान्यानं फिरवून वरच्या खाच्यावर नेलं की स्प्रिंग आधीच जास्त दाबून बसते. पाच खाच्यांपैकी शॉकअप पहिल्यावर होते. काळ्या मातीचा थर इतका, की आधी ब्रश न् डिझेल. दोन्ही बाजू सारख्याच, तिसऱ्या खाच्यावर. पाना एकदा निसटला, बोटाचं सालटं गेलं. अण्णा ओट्यावरून, "चांगली चालायली की, कशाला उचकटायलास?"

यानं स्प्रिंग कडक होत नाही बरं का, फक्त गाडी वर उचलली जाते. दोघं बसून पुन्हा मोजलं, ४७.५. टायरची हवाही बघितली, ती कमीच निघाली.

संध्याकाळी घाटात जाऊन आलो. वळणं नीट घेतली गेली. अण्णा उतरताना म्हणाले, "सीट उंच केलीस का रे? पाय टेकंना."