आजींचे मार्क

आज एका घरी स्मृतिभ्रंशाच्या तपासणीला गेले होते. आजी कधी शाळेतच गेलेल्या नाहीत. आपली नेहमीची ३० मार्कांची चाचणी वाक्य लिहायला सांगते, पंचकोन काढायला सांगते. तिथे मार्क गेले तर ते विसरण्यामुळे की शाळा न मिळाल्यामुळे? म्हणून हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासात निरक्षर लोकांसाठी बदलून घेतलेल्या प्रश्नांचा आधार घेते. आणि खरं सांगायचं तर निम्मी माहिती सूनबाईंकडूनच मिळते.

आजी मेथी निवडत बसल्या होत्या. काड्या वेगळ्या, पानं वेगळी, एक चूक नाही. पण "तू कुणाची गं?" हे तासाभरात कितीदा विचारलं ते मोजलंच नाही. सूनबाई म्हणाल्या, "भाजी निवडता येते आणि जेवल्याचं आठवत नाही? मला वाटायचं, मुद्दाम करतात." मुद्दाम नाही हो. हाताच्या जुन्या सवयी बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतात, ताज्या गोष्टी मात्र मेंदूत नोंदल्याच जात नाहीत.

बी-१२, थायरॉईड आणि कान तपासायला सांगितलंय. (नीट ऐकू येत नसलं तरी घरचे 'विसरते' म्हणतात!)

देशात साठीपुढचे अंदाजे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगताहेत. त्यांना सांभाळणारे कोण मोजतं?

पुढच्या भेटीत मुलाला समोर बसवणार आहे. सूनबाईंना आठवड्यातून एक दुपार मोकळी हवी, ती कशी द्यायची ते त्यानेच सांगावं.