एकाच लॉटच्या लोकरीसाठी झगडताना: माझा अनुभव

मोठी त्रिकोणी शाल विणायची हे मी दसऱ्यालाच ठरवलं होतं. आमच्या परभणीची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण डिसेंबर आला की कृषी विद्यापीठातल्या पाऱ्याचा आकडा पेपरात छापून येतो. उन्हाळ्यात तर लोकर हातात धरवत नाही, घामानं टाके सुईवर सरकत नाहीत. त्यामुळे विणायचे दिवस आमच्याकडे मोजकेच, आणि त्यातले बरेच एका दुकानाने खाल्ले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

इथल्या बाजारात बहुतेक ॲक्रिलिक मिळते. टोप्या-स्वेटरला ती चांगलीच. पण जाळीची शाल भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की नक्षी उघडते, आणि हे खऱ्या लोकरीतच नीट साधतं. धनगरांकडची दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, मानेला मात्र टोचते. म्हणून मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर, ऑनलाइन मागवली. वांगी रंग, १०० ग्रॅमचे पाच गुंडे. ऑर्डरसोबत सूचना लिहिली: पाचही गुंडे एकाच लॉटचे पाठवा.

एका वेळी एकत्र रंगवलेली लोकर म्हणजे एक लॉट. शेड नंबर तोच असला तरी पुढच्या खेपेला रंग किंचित बदलतो. वेष्टनावर शेड नंबर आणि लॉट नंबर वेगवेगळे छापलेले असतात. पार्सल आलं संध्याकाळी. बल्बच्या उजेडात सगळे गुंडे सारखे दिसले. सकाळी अंगणात उन्हात ठेवले, तर तीन गुंडे वांगी आणि दोन लालसर. वेष्टनं पाहिली, लॉट वेगळे. शाल अर्धी झाल्यावर हा फरक खांद्यावर आडव्या पट्ट्यासारखा दिसला असता.

परत करायचा फॉर्म उघडला. कारणं निवडायची होती: माप चुकलं, वस्तू फुटली, दुसरीच वस्तू आली. लॉटचं कारण कुठेच नाही. ‘दुसरीच वस्तू’ निवडलं. न्यायला आलेल्या मुलाने मोबाईलमधला फोटो आणि गुंडा शेजारी धरून पाहिला. “ताई, हाच कलर हाय की. मला नाही घेता येत.” त्याचा दोष नव्हता, त्याला तेवढंच तपासायला सांगितलेलं. तो गेला आणि थोड्याच वेळात मेसेज आला: तुमची विनंती बंद करण्यात आली आहे. बंद! मी पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. मदत केंद्रातल्या बाईंनी ऐकवलं, “मॅडम, शेड नंबर सेम आहे म्हणजे प्रॉडक्ट बरोबर आहे.” मी उन्हातले फोटो पाठवले, तर उत्तर आलं की स्क्रीनवर रंगात थोडा फरक दिसू शकतो. अहो, स्क्रीनचा प्रश्नच नाही, गुंडे माझ्या मांडीवर आहेत! दरम्यान थंडी पडली, शेजारणींचे मफलर विणून झाले आणि माझ्या सुया रिकाम्या.

शेवटी भाचीने मार्ग दाखवला. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. त्यात प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. त्या अधिकाऱ्याचा ईमेल वेबसाइटच्या अगदी तळाशी होता. मी माझी लेखी सूचना, दोन्ही वेष्टनांचे फोटो आणि नियमाचा उल्लेख पाठवला, खाली लिहिलं की यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जाणार. आधी इतके दिवस कळत नसलेला ‘लॉट’ मग त्यांना लगेच कळला. जुन्या लॉटचा माल संपला होता, म्हणून पाचही गुंडे बदलून एकाच लॉटचे आले. तो डबा उन्हात उघडला तेव्हा मला जो आनंद झाला तो शाल पूर्ण झाल्यावरही झाला नाही.

तुम्ही मागवणार असाल तर लॉटची सूचना लेखीच द्या, फोनवर नको. गुंडे दिवसा, उघड्यावर तपासा, आणि तोवर एकही वेष्टन काढू नका. इतकं भांडायची इच्छा नसेल तर एक उपाय आहे: दोन ओळी एका लॉटच्या, दोन दुसऱ्याच्या, असं आलटून पालटून विणत जा. फरक मिसळून जातो. पण मी पूर्ण पैसे मोजले होते, मी का तडजोड करू?

विणणं सुरळीत झालं. ५ मिलिमीटरची लांब केबलची गोल सुई (लवचिक केबलने जोडलेल्या दोन सुया) घेतली, कारण शेवटी टाके साध्या सुईवर मावत नाहीत. वरून मध्यातून सुरुवात, एकाआड एक ओळीत चार टाके वाढवायचे: दोन कडांना, दोन मधल्या टाक्याच्या दोन बाजूंना. टाके बंद करताना जाड सुई घ्या, नाहीतर कड आखडते आणि ताणताना शाल पसरत नाही. भिजवताना पाणी कोमट, चोळायचं अजिबात नाही, गरम पाण्यात चोळलेली लोकर आटून घट्ट होते.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: त्रिकोणी शालीत ओळ दरवेळी लांबत जाते. निम्म्या ओळी होतात तेव्हा जेमतेम पाव लोकर संपलेली असते. ‘अजून खूप उरली’ म्हणून कोणाला गुंडा देऊन टाकू नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उरलेली लोकर तोलत राहा, कारण कमी पडली तर तो लॉट परत मिळणार नाही.