शह, चेक आणि पाव मीटर कापड

गेल्या महिन्यात शिंप्याकडे शर्टाचं कापड टाकलं. त्याने ते टेबलावर पसरलं, चौकटींवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "चेक्स आहेत साहेब. पाव मीटर जास्त आणायचं ना! खिसा जुळवायला कापड जातं." खिशाची आडवी रेघ छातीवरच्या रेघेला मिळाली नाही तर शर्ट उसना आणल्यासारखा दिसतो, असं त्याचं मत.

तिथून बँकेत गेलो, कारण माझा चेक परत आला होता. खात्यात पैसे होते, सही जुळत नव्हती. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. वीस वर्षांपूर्वीची माझी सही ऐटीत उभी होती, शेवटी लांबलचक शेपटी. आताच्या सहीची शेपटी झडलीय. "सर, तुम्हीच चेक करा," ती म्हणाली.

चेक्स, चेक आणि चेक करा. घरी येऊन या शब्दाची पाळंमुळं खणत बसलो, तर तळाशी निघाला इराणचा राजा. फारसीतला शाह. बुद्धिबळात राजावर चाल आली की "शाह!" म्हणून ओरडायचं, म्हणजे राजा सांभाळ. ही आरोळी अरबांकडून युरोपात पोचली, जुन्या फ्रेंचमध्ये तिचं 'एशेक' झालं आणि इंग्रजांनी पुढचा 'ए' गाळून 'चेक' केलं. 'चेस' हे खेळाचं नावही त्याच एशेकच्या अनेकवचनातून आलेलं. राजाला अडवणं, मग कुणालाही अडवणं, मग अडवून तपासणं. लोकलमध्ये "चेकर आला" म्हटल्यावर दारातली गर्दी अचानक पांगते, तेव्हा आपण सगळेच शाह असतो.

पण मला खरी गंमत वाटली ती पटाची. बुद्धिबळाच्या चौकटी म्हणून चौकटीचं कापड ते चेक्स, इथवर सरळ आहे. पुढे इंग्लंडच्या राजाचा हिशेब येतो. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने १२व्या शतकात लिहून ठेवलंय, की सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद टेबलावर रेघा आखलेलं काळं कापड अंथरायचे आणि त्यावर सोंगट्या सरकवून जमाखर्च मांडायचे. रोमन आकड्यांत बेरीज करायची म्हणजे डोक्याला ताप, त्यापेक्षा सोंगट्या बऱ्या. एका बाजूला वसुली घेऊन आलेला शेरीफ, दुसऱ्या बाजूला राजाची माणसं. दिसायला बुद्धिबळाचा डावच, म्हणून त्या कचेरीला नाव पडलं एक्सचेकर. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो. बँकेच्या चेकचं ब्रिटिश स्पेलिंगसुद्धा या एक्सचेकरच्या वळणावर गेलं. अमेरिकन मात्र साधंच लिहितात, आणि हॉटेलात जेवण झाल्यावर बिल मागायलाही 'चेक'च म्हणतात.

चेक प्रजासत्ताकाचा या भानगडीशी काही संबंध नाही. ते बिचारे देवनागरीत आले आणि सापडले.

आपणही कमी नाही. चेकला नाका जोडून 'चेकनाका' केला. २०१७ साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी मुलुंडला रिक्षावाल्याला अजून "चेकनाका" एवढंच सांगावं लागतं.

लहानपणी आजोबांशी बुद्धिबळ खेळताना मी "चेक" म्हटलं की ते चिडायचे. "शह म्हण! इंग्रज गेले." आज वाटतं, त्यांचा शह तरी कुठे देशावरचा होता? तोही फारसीच, बादशहातला शहा. तो थेट मराठीत उतरला, शहकाटशह देत इथेच मुरला. माझा चेक मात्र अरब, फ्रेंच, इंग्रज असा लांबचा फेरा मारून आला. एकाच घरचे दोघे एका पटावर समोरासमोर, आणि ओळख नाही. खेळ तर मुळात चतुरंग म्हणून इथूनच गेलेला. आजोबांना हे सांगितलं असतं, तर त्यांनी ऐकून घेतलं असतं आणि तेवढ्यात माझा उंट मारला असता.

शर्ट आला. पाव मीटर कमी पडूनही शिंप्याने खिसा असा बसवलाय, की पेन अडकवताना तो चाचपडून शोधावा लागतो. बँकेत नव्या सहीचा फॉर्म भरला. तीन ठिकाणी सह्या होत्या, तिन्ही वेगळ्या आल्या. त्या मुलीने एकदा सह्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शिक्का मारला.